जाळीच्या पट्ट्या आडव्या बसवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये आणि त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर रस्त्यांची कामे सुरू आहेत. रस्ता एकदा पक्का झाला, की त्यात बसवलेली वस्तू वर्षानुवर्षे जागची हलत नाही. म्हणून कामे चालू आहेत तोवरच, सायकल चालवणाऱ्यांच्या वतीने हे पत्र लिहितो आहे. मागणी दोन गोष्टींची आहे. रस्त्याच्या कडेला पावसाळी गटारांवर ज्या लोखंडी जाळ्या बसतात, त्यांच्या पट्ट्या वाहतुकीच्या दिशेला समांतर न ठेवता आडव्या ठेवाव्यात. आणि डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर पडला, की साइडपट्टी त्याच दिवसांत त्याच्या बरोबरीला आणावी. खर्च नगण्य आहे, आणि यातून वाचणारी हाडे खरी आहेत.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम केलेला माणूस. डाय, जिग, फिक्श्चर यांत उमेदीची वर्षे गेली. सायकल मात्र त्याच्याही आधी हातात आली. वडिलांची २२ इंची काळी ॲटलस होती. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत, म्हणून नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत मी ती सिन्नरच्या गल्ल्यांमधून पळवायचो. ती सायकल आजही माझ्या घरी आहे आणि चालती आहे. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनाला, बंद पडल्याची बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या पाळीला कारखान्यांच्या फाटकांशी सायकलींची रीघ लागायची. आता तिथे मोटारसायकली उभ्या असतात. तरीही सुरक्षारक्षक, कँटीनमधली मुले, रोजंदारीवरचे कामगार, सकाळी कामाला जाणाऱ्या मावश्या, यांतले कितीतरी जण अजून सायकलवरच येतात-जातात. आपला अंक माझ्या दारात पहाटे येतो तोही सायकलवरूनच. या पत्रात सायकलवाला म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी ही माणसे आहेत. रविवारी सकाळी हेल्मेट घालून निघणारे आम्ही हौशी लोक त्यांच्या मागून.

माझा खरा नाद सायकल बांधण्याचा, तोही नळ्यांपासून. सीमलेस पोलादी नळी मापाने कापायची आणि तिचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर चपखल बसेपर्यंत अर्धगोल कानशीने घासत आणायचे. दोन्ही नळ्या जुळवून उजेडासमोर धरल्या, तर सांध्यातून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. मग लग, म्हणजे सांध्यावर बसणारे पोलादी आवरण, चढवायचा, टाकणखार लावायचा आणि गॅसच्या ज्योतीवर पितळेने सांधायचे. पितळ साधारण ९०० अंशांच्या आसपास वितळते. पोलाद आधी गडद लाल होते, मग नारिंगीकडे झुकते. तो रंग आला की पितळेची कांडी टेकवायची. ती क्षणात सांध्यात ओढली जाते आणि लगच्या पलीकडच्या कडेला बारीक सोनेरी रेघ उमटते. ती रेघ चारी बाजूंनी अखंड दिसली, म्हणजे सांधा भरला. ज्योत गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळली तर नळी जळते आणि पुढे वर्षा-दोन वर्षांत तिथेच तडकते.

फ्रेम थंड झाली की दोऱ्याची परीक्षा. मागच्या एका ड्रॉपआउटला, म्हणजे मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचेला, दोरा बांधायचा, पुढे हँडलखालच्या हेड ट्यूबला वळसा घालायचा आणि दुसऱ्या ड्रॉपआउटला आणून ताणायचा. मधल्या सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचे अंतर सारखे भरले पाहिजे. एक मिलिमीटरचा फरक मी चालवून घेतो, दोनचा नाही. इंग्लंडमधल्या रेनॉल्ड्सने १९३५ साली ५३१ नावाची मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी काढली. टोकांशी जाड, मध्ये पातळ. शर्यतीच्या सायकलींसाठी ती कितीतरी दशके नावाजलेली होती. तसली एक जुनी फ्रेम मला दुरुस्तीसाठी हाताळायला मिळाली. नळीवर नखाने टिचकी मारली तर नाद बराच वेळ घुमत राहायचा. त्या फ्रेमला हात लावताना मला टूलरूममधल्या माझ्या उस्तादांची फार आठवण आली. असले काम बघून ते तासभर बोलले नसते.

चाक बांधायला एक दुपार जाते. ३६ स्पोक, प्रत्येक स्पोक वाटेत तिघांना ओलांडून रिमपर्यंत पोहोचतो. मग निपल चावीने पाव-पाव फेरा देत आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढत बसायचे. मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, कारण रिम बरोबर मध्यावर आणायला त्या बाजूला हबवर जागा कमी मिळते. तुटतो तोही बहुतेक त्याच बाजूचा. एका बाजूचे सगळे स्पोक बोटाने छेडले तर एकाच सुरात वाजायला हवेत. माझी नात पेटी शिकते. ती शेजारी बसते आणि कुठला स्पोक उतरला आहे ते डोळे मिटून सांगते. तिचे कधी चुकत नाही.

अशा सायकलींवर मी नाशिकभोवतीचे रस्ते पालथे घातले. पहाटे सातपूरहून निघायचे, पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा, महिरावणी करत अंजनेरीच्या पायथ्याशी चहा घ्यायचा आणि त्र्यंबकराजाचे दर्शन घेऊन ऊन चढायच्या आत परत यायचे, हा आमचा नेहमीचा फेरा. नांदुरीहून सप्तशृंगगडाचा चढ, कसारा घाट, भंडारदऱ्याची वाट, नाशिक–पंढरपूर सायकल वारी, सगळे झाले. ब्रेव्हेतही, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरे करायच्या सायकल फेरीतही, उतरलो. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस. या शहराला सायकलची परंपरा आहे हे मी अभिमानाने सांगतो. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आमच्या नाशिकच्या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटरची ती शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्यांच्या सत्काराच्या बातम्या मी कापून ठेवल्या आहेत.

इतकी वर्षे रस्त्यावर असलेला माणूस पडतो. मीही पडलो. उजवी हंसळी एकदा मोडली. हनुवटीला टाके पडले. गुडघ्या-कोपरांची सालपटे तर मोजलीच नाहीत. यांतले काहीच जिवावरचे नव्हते, आणि नेमके त्यामुळेच हे पत्र लिहावे लागते आहे. त्याकडे येतोच. त्याआधी एका दुखापतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ती कुणालाही होऊ शकते आणि सहज नजरेतून सुटते.

तळहात टेकून पडलो होतो. सूज फारशी नव्हती, बोटे हलत होती, एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. अंगठा ताठ केला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला एक खळगा पडतो. तिथे दाबले की मात्र डोळ्यांत पाणी यायचे. आमच्या डॉक्टरांनी तेवढ्यावरून ओळखले. एक्स-रे कोरा असतानाही हात प्लास्टरमध्ये घातला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढायला लावला. तेव्हा रेघ दिसली. स्कॅफॉइड नावाचे काजूएवढे हाड असते ते. त्याला रक्त एका टोकाकडून मिळते, त्यामुळे वेळेवर आधार दिला नाही तर ते जुळत नाही आणि पुढे मनगट कायमचे दुखते. कामगाराचे मनगट गेले म्हणजे त्याची रोजी गेली. ‘मुरगळले असेल’ म्हणून तेल चोळत बसणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की त्या खळग्यात दाबून बघा, आणि दुखले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

खरचटल्याचेही तेच. आपल्याकडे पडल्या पडल्या हळद किंवा चुना दाबायची घाई असते. आधी वाहत्या पाण्याखाली जखम भरपूर धुतली पाहिजे, साबण लावला पाहिजे, खडीचे आणि डांबराचे कण निघाले पाहिजेत. ते आत राहिले तर कातडीखाली काळा डाग कायमचा बसतो. लहानपणचा तसा एक माझ्या उजव्या कोपरावर आहे. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली हेही डॉक्टरांना सांगावे. हेल्मेट एकदा जोरात आपटले, की आतला थर्माकोल दबून गेलेला असतो. बाहेरून धडधाकट दिसले तरी ते बदलावेच.

आता मुद्द्याचे. हंसळी, हनुवटी, मनगट, या माझ्या पडण्यांची नोंद कुठल्याच सरकारी कागदावर नाही. सायकलवरून पडलेला माणूस उठतो, इकडेतिकडे बघतो, पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून वाकडे झालेले हँडल सरळ करतो, चेन चढवतो आणि निघून जातो. पोलीस येत नाहीत, विमा नसतो, पंचनामा होत नाही. सायकलवाला मेला तर तो आकड्यांत येतो, मनगट मोडले तर येत नाही. मग रस्ता करणाऱ्यांना वाटते, इथे तर कधी काही झालेच नाही. त्यांच्या बाजूने बघितले तर ते खरेही आहे, कारण त्यांच्यापर्यंत काही पोहोचलेलेच नसते.

माझ्यापर्यंत मात्र पोहोचते, कारण सायकल माझ्याकडे येते. निवृत्तीनंतर घराखालच्या शेडमध्ये मी ओळखीपाळखीच्यांच्या सायकली दुरुस्त करतो, आणि सायकल कशी पडली ते तिच्या अंगावर लिहिलेले असते. उजव्या पायडलचे टोक, ब्रेक लिव्हरचे टोक आणि सीटची कड, तिन्ही एकाच बाजूला घासलेली आणि चाके मात्र सरळ असतील, तर तो माणूस वळणावर सांडलेल्या बारीक खडीवरून घसरला. टायरची एकच भिंत लांबवर सोलवटलेली असेल, तर तो साइडपट्टीवरून रस्त्यावर चढू पाहत होता. फोर्क मागे दबलेला, पुढच्या चाकाचा आठचा आकडा झालेला, रिमच्या दोन्ही कडांवर समोरासमोर लोखंड घासल्याच्या चकचकीत रेघा, आणि फ्रेमच्या खालच्या नळीला, हेड ट्यूबच्या दोन बोटे मागे, खालून रंगाला आलेली सुरकुती. ही खूण दिसली की मी विचारतो, “जाळी का?” आणि समोरचा मान हलवतो.

ती सुरकुती फार काही सांगते. चाक जागच्या जागी थांबले आणि माणूस पुढे जात राहिला, त्या झटक्याने पोलादी नळी वाकली. माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो तो असा. ब्रेक मारायला सवड मिळत नाही, हात पुढे करायलाही क्वचितच मिळते. खड्ड्यात चाक आपटते पण बहुतेक वेळा बाहेर निघते. जाळीत ते धरले जाते.

आमच्या भागात पेपर टाकणारा एक मुलगा गेल्या पावसाळ्यात पुढचे चाक हातात घेऊन माझ्याकडे आला. कॉलेज करून पहाटे लाइन टाकतो. त्याची सायकल साधी, काळी, दीड इंची टायरची. दिवा नसलेल्या एका कोपऱ्यावर, रस्त्यावरचे पाणी चुकवायला तो कडेला गेला आणि पाण्याखालच्या जाळीत चाक उतरले. ओठ फाटला होता, पुढच्या दाताचा तुकडा उडाला होता. उरलेले पेपर त्याने तसेच, पिशवी खांद्याला लावून, चालत वाटले. आमच्या इमारतीत त्या दिवशी पेपर तासभर उशिरा आला आणि दोन-तीन जणांनी त्याला फोन करून विचारलेही, की आज उशीर का. त्या फोनबद्दल मला अजून वाईट वाटते. त्याची रिम सरळ होण्यापलीकडे गेली होती. मी दुसरी बांधून दिली. नात शेजारी बसली होती, तिने सूर बघितले.

मला चीड येते ती या गोष्टीची, की दोष फक्त दिशेचा आहे. हे मी कारागीर म्हणून आकड्यांत मांडतो. शर्यतीच्या किंवा हायब्रिड सायकलचा टायर २५ ते ३५ मिलिमीटर रुंद असतो, काळ्या सायकलचा साधारण ४०. गटारांच्या जाळ्यांमध्ये दोन पट्ट्यांतली फट मी पट्टीने मोजली आहे. ती कुठे ४० मिलिमीटर भरते, कुठे ५०. फट प्रवासाच्या दिशेला असेल तर चाक तीत उतरते आणि पट्ट्यांच्या चिमट्यात सापडते. तीच जाळी काटकोनात फिरवा. टायर धरून चाकाचा व्यास साधारण ६८० मिलिमीटर असतो. एवढे चाक ५० मिलिमीटरच्या आडव्या फटीवरून जाताना जेमतेम एक मिलिमीटर खाली जाते. स्वाराला ते कळतही नाही. लोखंड तेच, फट तीच, गटारही तेच.

अभियंते म्हणतील, पाणी रस्त्याच्या कडेने वाहते, म्हणून पट्ट्याही त्याच दिशेने ठेवल्या तर पाणी चांगले आत शिरते. ते बरोबर आहे. आडव्या पट्टीवरून जोराचे पाणी थोडे उडी मारून पुढे जाते. त्याला उपाय आहे. उभ्या पट्ट्या असू द्या, पण त्यांच्यावर दर १०० मिलिमीटरला एक आडवा फ्लॅट, म्हणजे चपटी लोखंडी पट्टी, वेल्ड करा. तेवढ्या अंतरात मोठ्या सायकलचे चाक साधारण ४ मिलिमीटर दबेल, लहान मुलांच्या २० इंची सायकलचे ५. पाण्याची वाट फारशी अडत नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी अशीच उभ्या पट्ट्यांची लांबलचक जाळी होती. कमिटीची परवानगी घेऊन मी ओळखीच्या वेल्डरकडून तिच्यावर फ्लॅट टाकून घेतले. काम अर्ध्या दिवसात झाले. त्यानंतरच्या पावसाळ्यात मी मुद्दाम छत्री घेऊन फाटकाशी उभा राहून पाहिले, पाणी तुंबले नाही. सोसायटीतली मुले त्या जाळीवरून बेधडक सायकली नेतात.

जाळीबरोबर तिची चौकटही बघितली पाहिजे. रस्त्यावर नवा थर चढतो आणि जाळी जुन्याच पातळीवर राहते. एक थर, मग दुसरा. शेवटी जाळीच्या जागी हातभर लांबीचा, चौकोनी, उभ्या कडांचा खड्डा तयार होतो. पावसात तो भरला की दिसतही नाही. थर टाकायच्या आधी चौकट उचलून घेणे हा कामाचाच भाग धरला जावा.

साइडपट्टीचे दुखणे शहरापेक्षा त्र्यंबकच्या आणि पेठच्या दिशेला जास्त. रस्ता दोन-तीन इंचांनी वर गेला आणि बाजूचा मुरूम खालीच राहिला, की मागून हॉर्न देत येणाऱ्या बसला वाट द्यायला सायकलवाला खाली उतरतो. उतरतो तो सहज. पुन्हा वर चढताना मात्र चाक त्या कडेला जवळजवळ समांतर असते. ते चढत नाही, कडेला घासत जाते, हँडल हातातून फिरते आणि माणूस पडतो तो डावीकडे मुरुमात नव्हे, तर उजवीकडे, चालत्या रस्त्यावर, मागून येणाऱ्या वाहनासमोर. माझी हंसळी अशीच मोडली, आणि मागचा टेम्पोवाला सावध होता म्हणून मी हे पत्र लिहितो आहे. त्या अनोळखी चालकाने टेम्पो आडवा लावून रस्ता अडवला, मला उचलले, सायकल मागे टाकली आणि डॉक्टरांच्या दारापर्यंत सोडले. त्याचे नाव विचारायचे राहून गेले.

ग्रामीण भागात मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. फार चांगली गोष्ट आहे ती. त्या सायकलींमुळे आठवीनंतर घरी बसणाऱ्या मुली दहावीपर्यंत पोहोचलेल्या मी पाहिल्या आहेत. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या चार-पाच जणी एका ओळीत साइडपट्टीच्या कडेने जाताना दिसतात, पाठीवर दप्तर, मागे कॅरिअरवर धाकटी बहीण. द्राक्षांच्या हंगामात त्याच रस्त्यावरून ट्रॅक्टर, पिकअप, टेम्पो रात्रंदिवस वाहत असतात. सरकारने सायकल दिली, आता ती चालवायला कडेची हातभर जागा सपाट मिळावी. मुरूम आणून रोलर फिरवणे किंवा थराची कड उभी न तोडता उताराने सोडणे, दोन्हींपैकी काहीही चालेल.

गतिरोधकांबद्दल एवढेच लिहितो, की इंडियन रोड्स काँग्रेसने घालून दिलेल्या मापाचा, म्हणजे १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असा गोलसर गतिरोधक सायकलला कधीही पाडत नाही. पाडतो तो एका रात्रीत उगवलेला, वीतभर उंचीचा अरुंद उंचवटा, ज्यावर पांढरा पट्टाही नसतो. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

सिंहस्थाला लाखो भाविक येतील. त्यांतले पुष्कळ जण अनवाणी चालणार आहेत, काही काठी टेकत. जाळीच्या फटीत सायकलचे चाक जाते तशी म्हाताऱ्या माणसाची काठीही जाते, व्हीलचेअरचे पुढचे छोटे चाकही जाते. सायकलवाल्यांसाठी केलेले काम त्यांच्याही उपयोगाचे ठरेल.

सोबत मी जाळीचे मापांसह रेखाटन जोडले आहे. एक नवीन जाळीसाठी आणि एक जुन्या जाळीवर फ्लॅट टाकण्यासाठी. छापायला जागा नसेल तरी हरकत नाही. रस्त्यांची कामे पाहणाऱ्या अभियंत्यांपर्यंत आणि ठेकेदारांपर्यंत ते आपण पोहोचवावे, ही विनंती. वेल्डिंग कसे करायचे ते दाखवायला मी साइटवर येईन, सायकल घेऊन येईन, आणि काम झाल्यावर प्रत्येक जाळीवरून ती स्वतः चालवून बघेन. वाचकांनीही आपापल्या गल्लीतली जाळी एकदा बघून ठेवावी, आणि उभ्या पट्ट्यांची असेल तर फोटो काढून संबंधित विभागाकडे लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले राहून जाते.

जिथे जाळी चौकोनी आहे आणि अजून सिमेंटने बंद झालेली नाही, तिथे तर वेल्डिंगचीही गरज नाही. ती चौकटीतून उचलायची आणि काटकोनात फिरवून परत ठेवायची. त्याला एक पहार आणि दोन माणसे लागतात.

कळावे,
आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार व सायकलस्वार
सातपूर, नाशिक